जवाचं उत्पन्न कुणाचं : वाणाचं, खताचं की फवाऱ्याचं?

मराठी घरात सातूचं पीठ असतं, पण त्यात सातू, म्हणजे जव, असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी गहू आणि डाळं भाजूनच काम भागवलं जातं. आपल्याकडे जव उरला तो होमात आणि वैद्यांनी सांगितलेल्या पाण्यात. त्यामुळे जवाच्या कुठल्या वाणाला किती नत्र (नायट्रोजन) द्यावं आणि किती वेळा बुरशीनाशक मारावं, या प्रश्नाचा माग काढायचा तर इंग्लंडला जावं लागतं. तिथे या धान्याच्या मागे बिअर आणि व्हिस्कीचा धंदा उभा होता.

जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेट या रासायनिक खताचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी हार्टफर्डशायरमधल्या आपल्या रॉथमस्टेड इस्टेटीवर जोसेफ गिल्बर्ट या रसायनतज्ज्ञाला हाताशी धरून प्रयोग सुरू केले. १८५२ मध्ये त्यांनी ‘हूसफील्ड’ नावाच्या शेतात जव पेरला, आणि तिथे आजही जवच पेरला जातो. एका तुकड्याला कधीच काही दिलं नाही, दुसऱ्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, बाकीच्यांना नत्र, स्फुरद, पालाश वेगवेगळ्या जोड्यांत. एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि मग कायमचं बंद केलं. तो तुकडा आजही कधीच खत न मिळालेल्या तुकड्यापेक्षा जास्त पिकतो. दीडशे वर्षांपूर्वीचं शेणखत अजून फेडतंय, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगितलं तर तो मान डोलावेल, पण ते मोजून दाखवायला एवढा धीर लागतो.

याच शेतात पुढे एक गोष्ट लक्षात आली. जुनी वाणं होती तोवर नुसत्या रासायनिक खतावरचा जव शेणखतावरच्या जवाच्या बरोबरीने पिकायचा. नंतरची जास्त क्षमतेची वाणं आली तेव्हा शेणखताची जमीन पुढे निघून गेली. जमीन तीच, खत तेच, वाण बदललं आणि निकाल बदलला. म्हणजे ‘कोणतं खत चांगलं’ हा प्रश्न वाणाचं नाव घेतल्याशिवाय अर्धाच राहतो.

जवाच्या बाबतीत नत्राचं गणित गव्हासारखं सरळ नाही. गव्हात नत्रामुळे प्रथिनं वाढली तर पाव बनवणारा खूश. माल्टच्या, म्हणजे बिअर-व्हिस्कीसाठी मोड आणून वाळवायच्या, जवात ती वाढली की स्टार्च घटतो, माल्टमधून निघणारा अर्क कमी होतो आणि बिअर गढूळ होते. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीसाठी घेतल्या जाणाऱ्या दाण्यात नत्र साधारण १.६५ टक्क्यांच्या आत लागतं. शेतकऱ्याला टनावर पैसे हवेत, माल्टवाल्याला कमी नत्राचा दाणा. या ओढाताणीत योग्य वाण निवडणं दोघांच्याही फायद्याचं होतं, म्हणून दारूच्या कारखान्यांनी वाणांच्या चाचण्यांत पैसा ओतला. डब्लिनच्या गिनीज या बिअर कंपनीत १८९९ साली लागलेला विल्यम गॉसेट जवाच्या तुकड्यांचे मोजके आकडे घेऊन बसला. कंपनीच्या नियमामुळे त्याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जे छापलं, ती आज प्रत्येक कृषी पदवीधराच्या मानगुटीवर बसलेली टी-चाचणी: थोड्या आकड्यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायची रीत.

‘खताला सगळी वाणं सारखाच प्रतिसाद देतात का?’ हा प्रश्न आकड्यांच्या भाषेत नीट मांडला संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी, १९२३ साली, रॉथमस्टेडलाच. पीक मात्र बटाट्याचं होतं: बारा वाणं, शेणखत दिलेलं आणि न दिलेलं, वर पालाशचे प्रकार. उत्तर आलं की वाणांच्या प्रतिसादात म्हणण्यासारखा फरक दिसत नाही. उत्तर निरुत्साही असलं तरी पद्धत टिकली. मोठ्या तुकड्यात एक बाब आणि त्याच्या पोटतुकड्यांत दुसरी, ही ‘स्प्लिट प्लॉट’ मांडणी त्याच कामातून घडली. भारतात ती घरोघरी, म्हणजे कृषी महाविद्यालयोमहाविद्यालयी, पोचली त्यात वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांच्या संख्याशास्त्रावरच्या १९५४ च्या पाठ्यपुस्तकाचा मोठा हात आहे.

तोवर बुरशीनाशक या चित्रात फारसं नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धानंतर नत्र स्वस्त झालं, आणि उंच जव ते पेलेना. ओंबी भरली की पीक लोळायचं. उपाय निघाला बुटक्या वाणांचा. चेकोस्लोव्हाकियात क्ष-किरणांच्या माऱ्यातून तयार झालेलं ‘डायमंट’ १९६५ मध्ये आलं. ते मूळ वाणापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटरने ठेंगणं होतं. त्याचाच वंशज पूर्व जर्मनीचं ‘ट्रम्फ’, जे इंग्लंडमध्ये ‘ट्रायम्फ’ म्हणून गाजलं. स्कॉटलंडमध्ये गाजलेलं ‘गोल्डन प्रॉमिस’ असंच गॅमा किरणांतून आलेलं. आता नत्र वाढवता येऊ लागलं. पण दाट, लुसलुशीत, गडद हिरवं पीक म्हणजे भुरीला, पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीच्या रोगाला, आमंत्रण. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९७० च्या आसपास इथिरिमॉल हे बुरशीनाशक आलं. ते बीजप्रक्रियेतून द्यायचं, मुळांतून वर चढायचं आणि भुरी थोपवायचं. त्याच सुमारास ट्रायडेमॉर्फ, मग ट्रायझोल गटातली औषधं. काही वर्षांतच भुरीने एकेकाला दाद देणं कमी केलं, आणि तिकडे वाणांच्या मूल्यमापनात एक मूलभूत बदल झाला. शेतकऱ्यांनी कोणती वाणं पेरावीत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या शिफारस यादीत उत्पन्नाचे दोन रकाने आले: फवारलेलं आणि न फवारलेलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना ही आहे. वाणाचं ‘उत्पन्न’ नावाचा एकच आकडा नसतो, हे छापील कबूल झालं. पहिल्या रकान्यात अव्वल असलेलं वाण दुसऱ्यात घसरतं, तेव्हा त्याच्या नावावरचे काही क्विंटल खरं तर फवाऱ्याचे असतात.

पूर्व जर्मनीने वेगळी वाट धरली. १९८० च्या दशकात तिथे वेगवेगळी प्रतिकारक जनुकं असलेल्या वाणांची मिसळ पेरली; क्षेत्र तीन लाख हेक्टरवर गेलं आणि भुरी सुमारे ८० टक्क्यांनी घटली. त्या जवाचा माल्टही होत होता. एकीकरणानंतर मात्र बाजाराला एकाच वाणाचा शुद्ध माल हवा झाला आणि मिसळ बंद पडली. शेतात यशस्वी ठरलेली गोष्ट खरेदीच्या दारात हरते, हे नवीन नाही.

टिकलं ते एमएलओ. या जनुकाचं काम बिघडलं की भुरी पानात शिरूच शकत नाही. १९४२ मध्ये जर्मनीत असा बिघाड क्ष-किरणांनी घडवला गेला. पुढे इथिओपियातून १९३७-३८ मध्ये आणलेल्या गावरान जवांत तो नैसर्गिकपणेही सापडला. हा इथिओपियन ठेवा घेऊन १९७९ मध्ये ‘आटेम’ हे वाण बाजारात आलं. बहुतेक प्रतिकारक जनुकं पाचसात वर्षांत कोसळतात. हे चार दशकांनंतरही उभं आहे.

१९९६ मध्ये अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक आलं. पाइनच्या गळलेल्या शंकूंवर उगवणाऱ्या एका छोट्या अळंबीत सापडलेल्या रसायनावरून ते बेतलेलं. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या गोदामात याचे डबे आहेतच. युरोपात त्याने एक नवाच गोंधळ घातला: रोग नसतानाही पान जास्त दिवस हिरवं राहतंय, तर मग नत्राची मात्रा वाढवायची का? खत आणि बुरशीनाशक या दोन वेगळ्या बाबी आता एकाच चाचणीत, एकाच आराखड्यात आल्या. पण १९९८ मध्ये उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीने या औषधाला न जुमानणारं रूप दाखवलं, पाठोपाठ जवाच्या भुरीनेही.

दरम्यान एक जुनाच, इटलीत १८९३ मध्ये नोंदलेला रोग डोकं वर काढत होता: रॅम्युलारिया. हा पिकात गुपचूप राहतो आणि ओंबी आल्यावर पानांवर ठिपक्यांनी उमटतो. एमएलओ असलेला जव त्याला जास्त बळी पडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. भुरीला लावलेलं कुलूप या चोराला किल्लीसारखं लागलं. नव्या औषधांनाही तो बधेनासा झाला, तेव्हा हाताशी उरलं क्लोरोथॅलोनिल, एक जुनं स्पर्शजन्य बुरशीनाशक. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याची मान्यता वाढवायला नकार दिला आणि २०२० च्या वसंतानंतर तेही गेलं. चाचण्यांतले तुकडे अजून तसेच आखले जातात, वाण एका दिशेने, नत्र दुसऱ्या. फवारणीच्या रांगेत लिहायला नावं तेवढी कमी झाली आहेत.