रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्याची अडचण

जुन्या रॉक अल्बमची नवी एलपी घ्यायला गेलं की वेष्टनावर एक गोल स्टिकर हमखास दिसतो: '१८० ग्रॅम'. त्याखाली 'ऑडिओफाइल' (म्हणजे चोखंदळ कानांसाठी), 'अ‍ॅनालॉगची ऊब' वगैरे. साधी एलपी १२० ते १४० ग्रॅमची असते, त्यामुळे ही हातात भारदस्त लागते. किंमतही तशीच. वजनामुळे तबकडी फार तर जरा कमी वाकेल. आवाज साठवलेला असतो तो पृष्ठभागावरच्या चरात, आणि हा चर असतो मिलिमीटरच्या काही शतांशांइतका खोल. हलक्या तबकडीवर तो जेवढा खोल, तेवढाच जड तबकडीवर. त्याच्याखाली किती प्लास्टिक ओतलंय याच्याशी सुईला काही देणंघेणं नाही.

तरीही काही पुनर्मुद्रणं मूळ एलपीपेक्षा खरोखर चांगली वाजतात. त्यामागची भूमिती मला या सगळ्या व्यवहारातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

उदाहरण डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ब्रदर्स इन आर्म्स'चं घेऊ. हा अल्बम मे १९८५ मध्ये सीडी आणि एलपी अशा दोन्ही रूपांत आला. सीडीवर तो ५५ मिनिटांचा, एलपीवर मात्र ४७ मिनिटांचा. पहिल्या बाजूच्या पाचपैकी चार गाण्यांना कात्री लागली होती. 'व्हाय वरी' सीडीवर साडेआठ मिनिटं चालतं, एलपीवर साडेपाचच्याही आत आटोपतं. कात्री लावली नसती तर ती बाजू ३३ मिनिटांची झाली असती. ३३ मिनिटं एलपीवर बसत नाहीत असं नाही. बसतात, पण त्याची किंमत आवाजाला मोजावी लागते.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. सगळ्यात बाहेरचा चर केंद्रापासून साधारण १४.६ सेंटिमीटरवर असतो, आतला ६ सेंटिमीटरवर. बाहेरचा फेरा ९२ सेंटिमीटरचा, आतला जेमतेम ३८ चा, आणि वेळ दोघांनाही तेवढाच. त्यामुळे बाहेर सुईखालून चर सेकंदाला ५१ सेंटिमीटर या वेगाने सरकतो, तर लेबलाजवळ २१ सेंटिमीटर. सीडीवर असं होत नाही, तिथे वाचनाचा रेषीय वेग कायम राखण्यासाठी तबकडी आपली गती बदलत राहते. एलपीत मात्र तेवढ्याच सेकंदांचं संगीत आत जाता जाता अडीचपट कमी लांबीत कोंबलं जातं.

आता झांजेचा १०,००० हर्ट्झचा एक सूर घ्या. बाहेरच्या कडेला त्याची एक लाट ५१ मायक्रॉन लांबीची होते, आतल्या कडेला २१ मायक्रॉनची. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) इथवर सरळ आहे. गोम पुढे आहे. चर नागमोडी असतो आणि सुईला प्रत्येक वळण घ्यावं लागतं. वळणाची त्रिज्या लाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. लांबी २.४ पट कमी झाली की, लाटेची उंची तीच असेल तर, वळण जवळजवळ सहापट अरुंद होतं. चर कोरणारं हत्यार धारदार छिन्नीसारखं असतं, त्याला अशा वळणाची फिकीर नसते. पण वाजवणारी साधी गोल सुई टोकाला १५-१८ मायक्रॉन त्रिज्येची असते. घाटातल्या ज्या वळणावर मोटारसायकल सहज वळते तिथे एसटीची जी गत होते, तीच या सुईची. ती वळणाच्या तळापर्यंत पोचतच नाही, वरच्या वर घसटत जाते. ऐकताना गायकाचा 'स' फाटतो आणि झांजा किरकिरतात. लंबवर्तुळाकार सुईच्या कडा ५ ते ८ मायक्रॉनच्या असतात, म्हणून ती ही वळणं बरीच निभावते. पूर्णपणे तीही नाही.

मग आतल्या कडेपर्यंत जायचंच कशाला? कारण जागा नसते. चरांसाठी मिळणारा पट्टा साडेआठ सेंटिमीटर रुंदीचा. २५ मिनिटांच्या बाजूला सुमारे ८३३ फेरे लागतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला १०२ मायक्रॉन येतात. तीच बाजू ३३ मिनिटांची केली की फेरे होतात ११०० आणि वाटा उरतो ७७ मायक्रॉन. त्यात चराची स्वतःची रुंदी, दोन चरांमधली भिंत आणि चराचं डावी-उजवीकडे झुलणं, सगळं मावायला हवं. खर्जातले सूर सर्वांत जास्त झुलतात. म्हणून कोरण्याआधी खर्ज दाबला जातो आणि वरचे सूर उचलले जातात, वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर नेमकं उलट करतो. २० हर्ट्झला ही दाबणी जवळपास २० डेसिबलची असते. ही आखणी १९५४ पासून प्रमाण म्हणून रूढ आहे. एवढं करूनही जागा पुरली नाही तर एकच उपाय राहतो, तो म्हणजे संपूर्ण संगीत हळू आवाजात कोरणं. मग तुम्ही घरी व्हॉल्यूम वाढवता आणि गाण्याबरोबर धुळीची कुरकुर, पृष्ठभागाची सरसर हेही मोठं होतं.

कोरण्याच्या यंत्रांनी यातून एक छान वाट काढली होती. मास्टर टेप, म्हणजे ध्वनिमुद्रणाची अंतिम टेप, आधी एका जादा हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) जाई. हे हेड साधारण एका फेऱ्याइतकं पुढचं संगीत आधीच 'ऐकून' ठेवी आणि पुढे ढोल येतोय असं दिसलं की यंत्र दोन चरांमधलं अंतर वाढवी. शांत जागी ते पुन्हा चर जवळजवळ ओढी. एलपी दिव्याखाली तिरपी धरली तर हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं: दाट पट्टे, विरळ पट्टे, गाण्याच्या चढउतारांचा नकाशाच.

आता पुनर्मुद्रणाकडे येऊ. 'ब्रदर्स इन आर्म्स' २०२१ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतून पुन्हा आला तो दोन तबकड्यांवर, ४५ फेऱ्यांच्या वेगाने, कात्री न लावलेल्या गाण्यांसह. ५५ मिनिटं चार बाजूंत वाटली की बाजूला सरासरी १४ मिनिटं, म्हणजे ६३० फेरे येतात. फेऱ्याला १०० मायक्रॉन दिले तरी ६.३ सेंटिमीटरमध्ये काम होतं. बाजू केंद्रापासून ८.३ सेंटिमीटरवरच संपते आणि तिथे वेग असतो सेकंदाला ३९ सेंटिमीटर. मूळ एलपीत बाजूचं शेवटचं गाणं २१ च्या आसपास रांगत होतं. वेग दुपटीच्या जवळ गेला, म्हणजे वळणं साधारण साडेतीनपट ऐसपैस झाली. शीर्षकगीत मूळ एलपीवर दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी येतं. ते संथ आहे, झांजांचा मारा त्यात नाही, म्हणून तिथे ते निभावून गेलं. शेवटाला शांत गाणं ठेवायची पद्धत उगाच पडलेली नाही.

ही आवृत्ती अभियंता माइल्स शोवेल यांनी निम्म्या वेगाने कोरली. तबकडीही निम्म्या वेगाने फिरते, संगीतही. २० हजार हर्ट्झचा सूर कोरणाऱ्या हत्याराला १० हजारांचा वाटतो. त्यामुळे वरच्या सुरांसाठी वीज कमी लागते आणि हत्यार हलवणारी तारेची वेटोळी तापत नाहीत. खर्जाला मात्र हा प्रकार जड जातो, २० हर्ट्झचे १० होतात. फुकट काहीच मिळत नाही.

राहिली अ‍ॅनालॉगची ऊब, म्हणजे आवाज आकड्यांत न बदलता लाटेच्याच रूपात साठवल्याने येतो म्हणतात तो गोडवा. 'ब्रदर्स इन आर्म्स' मुळातच सोनीच्या २४ ट्रॅकच्या डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रित झालेला आहे. त्याच्या एलपीत लोकांना जी 'ऊब' ऐकू येते ती मास्टरिंगची (छापण्याआधी आवाजावर फिरवलेल्या शेवटच्या हाताची), सुईची, अ‍ॅम्प्लिफायरची किंवा दिलेल्या पैशांची असेल. २०२२ मध्ये तर मजाच झाली. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या पुनर्मुद्रणांपैकी अनेकांत एक डिजिटल टप्पा असतो हे बाहेर आलं. वर्षानुवर्षं त्याच तबकड्यांना निव्वळ अ‍ॅनालॉग समजून डोक्यावर घेणाऱ्या भल्याभल्या कानांना त्याचा पत्ताही लागला नव्हता. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. फसवणुकीचा राग रास्तच होता, पण 'डिजिटल लगेच कळतं' ही अंधश्रद्धा त्याच दिवशी निकालात निघायला हवी होती. निघाली नाही.

कोरणी कितीही उत्तम असो, कारखान्यात ती मातीमोल होऊ शकते. लाखेसारखा थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर चर कोरतात, त्यावर चांदीचा फवारा मारतात, मग निकेल चढवून धातूचा साचा घेतात. साच्यावरून साचा घेत शेवटी दाबणीचा साचा तयार होतो आणि तो हजारेक प्रतींनंतर झिजतो. दाबताना पीव्हीसीचा गोळा सुमारे १५० अंशांवर असतो. तो कमी तापला किंवा घाईत दाबला तर वितळलेलं प्लास्टिक चराच्या कोपऱ्यांत पोचत नाही. मग एका बाजूच्या स्पीकरमधून कापड फाडल्यासारखा आवाज येतो, प्रत्येक फेऱ्याला, त्याच जागी. धुऊन तो जात नाही, प्रत बदलूनच घ्यावी लागते.

मधलं भोक सरकलं असेल तर वेगळीच गंमत. अर्ध्या मिलिमीटरची चूक लेबलाजवळ स्वर ०.८ टक्क्याने वरखाली करते, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. ढोलाच्या धबडग्यात हे कळत नाही. गिटारचा लांबवलेला सूर असला की दर १.८ सेकंदांनी तो डोलताना ऐकू येतो. अशी तबकडी ओळखायला कान लागत नाहीत, सुईचा दांडा बाजूला डुलतोय का ते पाहिलं की झालं. काही जण भोक कानशीने किंचित मोठं करतात आणि तबकडी बोटाने सरकवत दांडा स्थिर होईपर्यंत जुळवतात. १९८० च्या दशकात जपानच्या नाकामिची कंपनीने हेच काम करणारं यंत्र काढलं होतं. ते वेगळ्या दांड्याने शेवटचा चर तपासून केंद्र किती चुकलंय ते मोजी आणि तबकडीखालची थाळी स्वतःच तेवढी सरकवून घेई.