गोळी सोडल्यावर उडालेली झोप: उसळी की उलटलेला आजार?

वर्ष-दोन वर्षं रात्री झोपेसाठी अल्प्राझोलमची ०.५ मिलिग्रॅमची गोळी घेणारा माणूस एक दिवस ठरवतो, बस झालं, आजपासून गोळी बंद. पहिल्या रात्री तीन वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे. दुसरी रात्र त्याहून वाईट. तिसऱ्या रात्री कंटाळून गोळी घेतो आणि अर्ध्या तासात गाढ झोपतो. मग ठरूनच जातं: "मला गोळीशिवाय झोप येतच नाही." पुढची कितीतरी वर्षं गोळी चालू राहते ती या तीन रात्रींच्या भरवशावर. पण त्या रात्रींनी एवढंच दाखवलेलं असतं की गोळी अचानक काढून घेतली की काय होतं. मूळ निद्रानाश अजून शिल्लक आहे का, याचं उत्तर त्यात नसतं.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे उसळी, डॉक्टर जिला रिबाउंड इन्सोम्निया म्हणतात. गोळी सुरू करण्याआधी जेवढी झोप बिघडलेली होती त्याहूनही ती जास्त बिघडते, पण काही दिवसांत आपोआप सावरते. दुसरी म्हणजे आजार उलटणं. इथे जुना निद्रानाश जुन्याच रूपात, साधारण जुन्याच तीव्रतेने परत येतो आणि वाट पाहिली तरी जात नाही. पहिलीवर उपाय म्हणजे धीर आणि हळूहळू कमी होणारा डोस. दुसरीला खरोखर उपचार लागतात.

उसळीचं वर्णन अमेरिकेतले संशोधक अँथनी केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली केलं. रात्री एकच गोळी, तीही थोडेच दिवस घेतलेल्यांचीही झोप गोळी थांबवल्यावर आधीपेक्षा खालावली होती. कारण मेंदूच्या जुळवून घेण्यात आहे. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या आणि झोल्पिडेमसारख्या 'झेड' गोळ्या, सगळ्या गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. रोज बाहेरून ही मदत मिळू लागली की गाबाचे रिसेप्टर, म्हणजे मेंदूत गाबा जिथे काम करतं त्या जागा, हळूहळू कमी प्रतिसाद देऊ लागतात. गोळी एकदम थांबली की मदत गेलेली असते आणि रिसेप्टर मात्र अजून सुस्तच असतात. ते पूर्ववत होईपर्यंत मेंदू नको तेवढा जागा राहतो. दबून राहिलेली स्वप्नांची झोपही याच काळात भरून निघते, म्हणून ठसठशीत, कधी घाबरवणारी स्वप्नं पडतात. जुन्या निद्रानाशात अशी स्वप्नं नसतील आणि आता पडत असतील, तर बोट उसळीकडे जातं.

उसळी कधी येईल, हे गोळी शरीरातून किती वेगाने बाहेर पडते यावर ठरतं. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा काळ झोल्पिडेमचा सुमारे अडीच तास, अल्प्राझोलमचा सुमारे अकरा तास आणि क्लोनाझेपामचा साधारण तीस ते चाळीस तास. डायझेपामपासून शरीरात तयार होणारं द्रव्य तर आणखी कितीतरी जास्त रेंगाळतं. असे पाच काळ गेले की औषध जवळपास संपलं असं धरतात. म्हणजे झोल्पिडेम दुसऱ्या रात्रीपर्यंत पूर्ण गेलेलं असतं, अल्प्राझोलमला दोन-अडीच दिवस लागतात आणि क्लोनाझेपामला आठवडाभर.

सगळ्यात मोठी फसगत क्लोनाझेपामच्या बाबतीत होते. गोळी थांबवल्यावर चार-पाच रात्री बऱ्या जातात, माणूस खुश होतो, आणि आठवड्याच्या शेवटी झोप उडते. "गोळी सोडून आठवडा झाला, म्हणजे हा गोळीचा परिणाम नाही, आजारच आहे" असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तो उशिरा आलेला परिणाम असू शकतो. उलट टोकाला, कमी काळ टिकणाऱ्या गोळीचा असर पहाटेच ओसरतो आणि चारला जाग येते. ती जाग बघून आणखी अर्धी गोळी घेण्याची सवय लागते. तिथून डोस चढत जातो.

उसळी प्रत्येकाला येतेच असं नाही. डोस जास्त, गोळी कमी काळ टिकणारी आणि थांबवणं अचानक, या तिन्ही गोष्टी जुळल्या की शक्यता वाढते. काहींना ती जाणवतही नाही.

आठवणीवर विसंबून यातला फरक कळत नाही, कारण वाईट रात्र प्रत्यक्षात होती त्याहून आठवणीत मोठी होऊन बसते. वही लागते. डोस कमी करण्याआधी दोन आठवडे आणि नंतर रोज सकाळी चार नोंदी पुरतात: अंथरुणात कधी गेलो, झोप साधारण कधी लागली, मधे किती वेळ जागा होतो, शेवटची जाग आणि अंथरूण सोडण्याची वेळ. समजा ११ वाजता पडलात, सव्वाबाराला झोप लागली, ३ ते ३:४० जागे होतात, साडेपाचला जाग आली आणि साडेसहाला उठलात. अंथरुणात ४५० मिनिटं, झोप २७५ मिनिटं, म्हणजे ६१ टक्के. हा आकडा ८५च्या आसपास असला की झोप चांगली मानतात. रात्री घड्याळ बघत नोंदी करू नका, सकाळी अंदाजाने लिहा.

उसळीच्या वहीत पहिल्या दोन-चार रात्री आकडा एकदम कोसळतो आणि मग, मधे एखादी वाईट रात्र आली तरी, आठवड्या-दोन आठवड्यांत वर चढतो. आजार उलटला असेल तर एवढी पडझड दिसत नाही. आकडा हळूहळू घसरतो, खाली स्थिरावतो आणि तीन-चार आठवड्यांनीही हलत नाही. त्रासाचा ढंगही जुनाच असतो: आधी झोप लागायला वेळ लागत होता तर आताही तेच, आधी पहाटे जाग येत होती तर आताही पहाटेच. गोळी सुरू होण्याआधीचं चित्र घरच्यांना विचारा, डॉक्टरांच्या जुन्या कागदांवरही ते सापडू शकतं. पूर्ण बंद केल्यानंतर तीन-चार आठवडे तरी निकाल लावू नये, आणि क्लोनाझेपाम किंवा डायझेपाम असेल तर आणखी थोडं थांबावं.

याच काळात तिसरीही एक गोष्ट डोकं वर काढू शकते आणि ती धोक्याची आहे. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, आवाज आणि उजेड सहन न होणं ही विथड्रॉअलची, म्हणजे सवयीचं औषध तुटल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाची, लक्षणं आहेत. फिट येणं, गोंधळल्यासारखं बोलणं, नसलेलं दिसणं असं काही झालं तर सरळ इस्पितळ गाठायचं, वही बाजूला. म्हणूनच महिनोन्‌महिने रोज घेतलेली गोळी एका झटक्यात बंद करायची नसते. पूर्वी फिट आलेल्यांनी, रोज दारू घेणाऱ्यांनी, मोठ्या डोसवर असलेल्यांनी आणि गरोदर बाईने तर घरच्या घरी डोस कमी करण्याचा प्रयोगही करू नये.

डोस उतरवण्याचा एक सावध हिशेब असा: दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कधीच नाही. अल्प्राझोलम ०.५ चं उदाहरण घेऊ, कपात सुरुवातीच्या डोसवर मोजून. ०.२५ च्या गोळ्या लिहून घेतल्या की एक पूर्ण आणि एक अर्धी मिळून ०.३७५ होतं. मग ०.२५, मग अर्धी म्हणजे ०.१२५. प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे. हा सर्वात वेगवान उतार समजा, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना याहून कितीतरी हळू जावं लागतं. वेग तुमचे डॉक्टर ठरवतील. अर्धी करायला मेडिकलमध्ये गोळी कापायचा कटर मिळतो. सुरीने तुकडे लहानमोठे होतात आणि डोस रोज बदलतो. 'एसआर' किंवा 'सीआर' लिहिलेली हळू विरघळणारी गोळी मात्र कापायची नाही. कापली की तिची हळू सुटण्याची रचनाच मोडते आणि औषध एकदम अंगात जातं. एखाद्या पायरीवर झोप बिघडली तर सहसा मागे जाऊ नये, त्याच पायरीवर आणखी दोन आठवडे थांबावं.

पाकिटावरचं नाव नीट वाचा. आपल्याकडे क्लोनाझेपाम एस्सिटालोप्रामबरोबर, अल्प्राझोलम प्रोप्रानोलोलबरोबर, क्लोरडायझेपॉक्साइड अमिट्रिप्टिलीनबरोबर एकाच गोळीत मिळतं. झोपेची गोळी सोडली म्हणणाऱ्याच्या 'टेन्शनच्या गोळी'त तेच औषध चालू असू शकतं. उलट अशी जोडगोळी एकदम थांबवली तर नैराश्याचं किंवा धडधडीचं औषधही सोबत तुटतं, आणि मग बिघडलेली झोप नेमकी कशामुळे ते ओळखणं फार अवघड होतं. अशा वेळी दोन्ही औषधं आधी वेगवेगळ्या गोळ्यांत करून घ्यावीत.

उसळीच्या रात्रींत जे हाताशी येईल त्यातल्या तीन गोष्टी टाळा. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री तुटते, आणि ती याच गोळ्यांबरोबर श्वास मंदावते. सर्दीच्या गोळीची गुंगी म्हाताऱ्या माणसांत गोंधळ आणि लघवी अडकण्यापर्यंत जाऊ शकते. आणि रात्र वाया गेली म्हणून दुपारी दोन तास ताणून दिली की पुढची रात्र आणखी हलकी होते.

आता "गोळी घेतली की झोप येते, म्हणजे गोळी काम करते" या समजाबद्दल. तिसऱ्या रात्रीच्या गोळीने बऱ्याचदा तिनेच निर्माण केलेली उसळी शमवलेली असते. झेड गोळ्यांच्या, अमेरिकेच्या औषध नियामकाकडे जमा झालेल्या चाचण्या २०१२ साली एकत्र तपासल्या गेल्या. प्रयोगशाळेत मोजल्यावर झोप लागण्याची वेळ औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सुमारे २२ मिनिटांनीच कमी झाली होती. थोड्या आठवड्यांसाठी, कठीण काळात, ही २२ मिनिटं मोलाची असू शकतात. सहा महिन्यांपर्यंत परिणाम टिकल्याचं एसझोपिक्लोन या झेड गोळीच्या २००३च्या चाचणीत दिसलं, तेव्हा दीर्घ वापर निरुपयोगीच असंही म्हणता येत नाही. पण वर्षानुवर्षांचा पुरावा तोकडा आहे, आणि दुसऱ्या पारड्यात रात्री बाथरूमला जाताना पडणं, मांडीचं हाड मोडणं, सकाळी गाडी चालवताना पेंग हे सगळं आहे. बायकांच्या रक्तात सकाळी झोल्पिडेम जास्त उरतं म्हणून अमेरिकेत २०१३ साली त्यांचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला गेला.

वहीने आजार उलटल्याचंच सांगितलं, तर जुनी चिठ्ठी पुन्हा मेडिकलवर नेणं हा पहिला उपाय नव्हे. आधी कारण शोधा: घोरणं आणि श्वास अडकणं, पाय सतत हलवावेसे वाटणं, थायरॉइड, रोज पहाटे जाग आणणारं नैराश्य, चालू असलेलं स्टेरॉइड. कारण सापडलं नाही तर निद्रानाशासाठीचं खास वर्तनोपचार प्रशिक्षण घ्यावं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली सर्व प्रौढांसाठी पहिला उपाय म्हणून हेच सुचवलं. त्यात वहीतल्या सरासरी झोपेइतकाच वेळ, पण पाच तासांहून कमी नाही, अंथरुणात काढायचा. उठण्याची वेळ रोज तीच. आकडा ८५ टक्क्यांवर गेला की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवायची. पहिले दोन आठवडे दिवसा फार झोप येते, त्या काळात गाडी आणि यंत्र जपून. फिट किंवा बायपोलरचा त्रास असेल तर हे स्वतःहून सुरू करू नये. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतूनही बोलता येतं.

हे प्रशिक्षण डोस उतरवायला सुरुवात करतानाच घेतलं तर अधिक चांगलं. कॅनडातल्या शार्ल मोरँ यांच्या २००९च्या चाचणीत वर्तनोपचार आणि झोल्पिडेम एकत्र सुरू करून, पुढे वर्तनोपचार चालू ठेवत गोळी काढून घेतलेल्यांची झोप लांब पल्ल्यात सर्वात चांगली राहिली होती.