दोन भोपळे, चोवीस गुण

12 जुलै 2025. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर महिला एकेरीचा अंतिम सामना अवघ्या 57 मिनिटांत आटोपला. इगा श्वीऑनटेकनं अमांडा अनिसिमोव्हाला 6-0, 6-0 असं हरवलं. दोन सेट, दोन भोपळे. विम्बल्डनच्या महिला अंतिम लढतीत असा निकाल याआधी लागला होता तो थेट 1911 मध्ये; तेव्हा डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्सनं डोरा बूथबीला एकही गेम घेऊ दिला नव्हता. बाकीच्या मोठ्या स्पर्धा धरल्या तर 1988 ची फ्रेंच ओपन आठवते. स्टेफी ग्राफनं 17 वर्षांच्या नताशा झ्वेरेव्हाला 34 मिनिटांत असंच वाटेला लावलं होतं.

असा सामना झाला की एक प्रश्न हमखास येतो: ही मुलगी अंतिम फेरीत पोचलीच कशी? पण हीच अनिसिमोव्हा दोनच दिवसांपूर्वी जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या अरिना सबालेन्काला तीन सेटमध्ये हरवून आली होती. दोन दिवसांत कुणी टेनिस विसरत नाही. मग फलकावर जे दिसलं ते नेमकं काय होतं?

आधी एक साधी मोजदाद. त्या सामन्यात एकूण 79 गुण खेळले गेले. त्यातले 55 श्वीऑनटेकचे, 24 अनिसिमोव्हाचे. गेम झाले 12. म्हणजे एकही गेम न मिळालेल्या खेळाडूनं सरासरी दर गेममध्ये दोन गुण घेतले होते! गेम जिंकायला किमान चार गुण लागतात, तेव्हा 12 गेमसाठी 48 पुरले असते. श्वीऑनटेकला त्यावर 7 जास्त मिळवावे लागले, आणि असे जादा गुण फक्त ड्यूसपर्यंत, म्हणजे तीन-तीन गुणांच्या बरोबरीपर्यंत, ताणलेल्या गेममध्येच लागतात. काही गेम चांगलेच रंगले होते, हे निकालाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

टेनिसची गुणपद्धत ही खरं तर एक भिंग आहे. लहान फरक ती मोठा करून दाखवते. समजा, एक खेळाडू दर 100 गुणांपैकी 55 जिंकते, सर्व्हिस कुणाचीही असो. फरक फार नाही. पण गेम जिंकायला चार गुण आणि दोनची आघाडी लागते, त्यामुळे गेम जिंकण्याची तिची शक्यता 62 टक्क्यांवर जाते. सेट म्हणजे सहा गेम आणि पुन्हा दोनची आघाडी. तिथे ती 81-82 टक्के होते. तीन सेटचा सामना असेल तर 91 टक्के. पन्नासावर पाचच टक्क्यांची आघाडी, आणि दहापैकी नऊ सामने खिशात. रॉजर फेडररनं 2024 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात हेच सांगितलं होतं: कारकिर्दीत एकेरीचे 1,526 सामने, त्यांतले जवळपास 80 टक्के जिंकले, पण गुण मात्र 54 टक्केच.

फुटबॉलमध्ये मारलेला गोल शेवटपर्यंत आपला राहतो. टेनिसमध्ये तसं नाही. 40-30 वरून, म्हणजे तीन-दोन गुणांवरून, गेम गेला की हातातले तीन गुण पाण्यात. पुढचा गेम पुन्हा शून्यापासून.

श्वीऑनटेकनं त्या दिवशी जवळजवळ 70 टक्के गुण घेतले. या दराला एक गेम जिंकण्याची शक्यता 90 टक्के येते. पण सलग 12 गेम? 0.9 ला 0.9 नं असं बारा वेळा गुणत गेलं की उरतात साधारण 28 टक्के. म्हणजे इतकं वर्चस्व असूनही दर चार सामन्यांपैकी तीनमध्ये समोरच्या खेळाडूनं निदान एक गेम घेऊन भोपळा फोडला असता. 60 टक्के गुण जिंकणारीला तर 6-0, 6-0 ची संधी शंभरात दोन-तीनदा. दोन भोपळे पडायला वर्चस्व लागतंच, वर थोडं नशीबही लागतं.

पण अंतिम फेरीतल्या दोन खेळाडूंत 70-30 इतकी तफावत आली कुठून? इथे गणित थांबतं आणि शरीर सुरू होतं. अनिसिमोव्हानं 28 टाळता येण्याजोग्या चुका केल्या, 5 डबल फॉल्ट केले (पहिली आणि दुसरी दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गमावणं) आणि सहाच्या सहा सर्व्हिस गेम गमावले. माझ्या मते सगळी मेख सर्व्हिसमध्ये आहे.

सर्व्हिस हा टेनिसमधला एकमेव फटका, जो समोरचीनं दिलेला नसतो. चेंडू आपल्या हातात, वेळ आपली. सोपं वाटतं. आता मापं बघा. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेपासून, जाळं 11.89 मीटरवर, मध्यभागी त्याची उंची 91 सेंटिमीटर, आणि पलीकडे 6.40 मीटरपर्यंतच्या चौकोनात चेंडू पडायला हवा. चेंडूला रॅकेट लागते जमिनीपासून सुमारे 2.7 मीटरवर. तिथून जाळ्याला जेमतेम चुकवणारी सरळ रेषा काढली तर ती चौकोनाच्या मागच्या रेषेच्या फूटभर आत टेकते, म्हणजे गुरुत्वाकर्षण नसतं तर चुकायला जागाच नव्हती. ताशी 160 किलोमीटरच्या सपाट सर्व्हिसमध्ये गुरुत्वाकर्षण थोडी मदत करतं, तरी वर-खाली चालेल अशी कोनाची फट राहते एका अंशाच्या आसपास. चेंडूला पुढच्या दिशेनं फिरकी दिली की तो लवकर खाली येतो आणि फट रुंदावते. दुसरी सर्व्हिस खेळाडू अशी मारतात ती म्हणूनच. पण फिरकीसाठी मनगट आणि खांदा मोकळा लागतो.

आणि भीतीनं पहिल्यांदा जातो तो हाच मोकळेपणा. अॅड्रेनलिन काही क्षणांत रक्तात उतरतं, नाडी वाढते, स्नायू ताणले जातात. एरवी दंडाचा पुढचा स्नायू आखडतो तेव्हा मागचा सैल होतो. दडपणाखाली दोन्ही एकदम आवळतात. ‘हात आखडला’ असं आपण म्हणतो ते शरीरशास्त्रातही शब्दशः खरं आहे. रॅकेटचा वेग घटतो, फिरकी कमी पडते. एका अंशाच्या फटीला एवढा बदल पुष्कळ झाला. नसांवरच्या ताणानं आपण गोठून गेलो होतो, असं अनिसिमोव्हानं सामन्यानंतर सांगितलं. थकव्याचाही उल्लेख केला.

मानसशास्त्रज्ञ आणखी एक गोष्ट दाखवतात. हजारो वेळा केलेली हालचाल मेंदू आपोआप चालवतो. दडपणात माणूस तिच्यावर लक्ष ठेवू लागतो: चेंडू नीट उडाला का, कोपर कुठे आहे? जिना उतरताना पावलांचा विचार करून बघा, तिथेच अडखळाल. 1993 च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये 4-1 नं पुढे होती, 5-1 साठी गेम पॉइंटही होता. तिथे डबल फॉल्ट झाला आणि ग्राफनं तो सेट 6-4 नं काढला.

मग एक गुण गेला की पुढचाही जातो, असं असतं का? प्रेक्षक म्हणून आपल्याला तसं ठामपणे वाटतं. फ्रँक क्लासेन आणि यान माग्नस या संशोधकांनी 1992 ते 1995 या काळातल्या विम्बल्डनचे 86 हजारांवर गुण तपासले. आधीचा गुण जिंकल्याचा पुढच्यावर परिणाम होतो, पण तो लहान, आणि अव्वल खेळाडूंमध्ये आणखी लहान. लाट असते, पण कोर्टाबाहेरून दिसते तेवढी उंच नसते. आपल्या डोळ्यांना ओळीनं घडणाऱ्या गोष्टींत कारण शोधायची सवय आहे, त्यात समालोचक तेल ओततात. तरी ही सरासरी झाली. एका विशिष्ट दुपारी एका विशिष्ट खांद्यात काय चाललं होतं, ते सरासरी सांगत नाही.

शिवाय टेनिसमध्ये घड्याळ नाही. फुटबॉलमधली एकतर्फी लढत निदान नव्वद मिनिटांनी सुटते. बदली खेळाडू नाही, चेंडू सोपवायला सोबतीण नाही. दर दुसऱ्या गेमला पुन्हा त्याच रेषेवर उभं राहायचं, तोच चेंडू, तीच एका अंशाची फट.

53 दिवसांनी, 3 सप्टेंबरला, अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा याच दोघी समोरासमोर आल्या. आदल्या रात्री आपण विम्बल्डनचा तो सामना परत पाहिला, असं अनिसिमोव्हानं नंतर सांगितलं. या वेळी ती 6-4, 6-3 अशी जिंकली.