शेतातले टेकाड काढण्याआधी नकाशा पाहा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शेत सपाट करायचे असते, ठिबकची आखणी करायची असते किंवा शेततळ्याची जागा ठरवायची असते, म्हणून आपण आमच्याकडे कंटूर नकाशा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा, करून घ्यायला येता. घोड, भीमा, प्रवरा, गोदावरी यांच्या काठच्या शेतांत अशा वेळी बऱ्याचदा एखादे टेकाड आडवे येते. ते निसर्गाचे आहे की माणसाने घातलेले, याचा बराचसा अंदाज जेसीबी बोलावण्याआधी जुन्या नकाशांवरून बांधता येतो. जुनी पांढर (उठलेल्या गावाच्या मातीचे टेकाड), गढी किंवा तलावाची पाळ एकदा ट्रॉल्यांत भरून गेली की कोणत्याही मोजणीत परत सापडत नाही. म्हणून आम्ही हा आग्रह धरतो.

आधी गाव नकाशा

मुंबई इलाख्यातली महसुली मोजणी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. ३३ फुटी साखळीने शेते मोजली गेली आणि आपला गुंठा म्हणजे त्याच साखळीचा चौरस. त्या परंपरेतले गाव नकाशे बहुतेक एक इंचास ६६० फूट या प्रमाणात असतात. त्यांत उंची कुठेच दाखवलेली नसते. तरीही आम्ही सर्वांत आधी तेच उघडतो, कारण मोजणीदाराने बांध जिथे होता तिथेच हद्दीची रेघ ओढली, आणि तो बांध पुष्कळदा त्याहून जुन्या भरावावरून गेलेला असतो.

सगळीकडे सरळ चौकोनी सर्व्हे नंबर आणि एकाच ठिकाणी हद्दी गोलाकार वळसा घेतात, तर तिथे थांबा. गावठाणाला वेढून जाणारी लांबट, अरुंद पट्टी दिसली तर बुजलेल्या खंदकाची शंका घ्यावी. गाडीवाटा आणि शिवरस्ते जिथे आज एकही घर नाही अशा जागी येऊन मिळत असतील, तर तिथे गाव असण्याची शक्यता फार मोठी. अशा जागी अनेकदा शेतात एकटाच मारुती उभा असतो. मारुती वेशीवरचा देव, माळावर एकटा राहणारा नव्हे. गाव उठले आणि तो मागे राहिला. जवळ वीरगळ (वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) असेल तर पुरावा आणखी भक्कम होतो. महसुली दप्तरात अशा गावाला 'बेचिराग' म्हणतात, विदर्भात 'रिठी'. शेताला 'गढीचे', 'पांढरीचे', 'जुन्या गावाचे' असे नाव घरात चालत आले असेल, तर मोजणीच्या वेळी आम्हाला ते जरूर सांगा. ते नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते.

सातबाराही बघा. पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, क्षेत्र नेमके टेकाडाच्या जागी पडते का? तसे असेल, तर मोजणीच्या काळीही ती जागा नांगराखाली नव्हती. जमिनीचे तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरणात जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले आहेत. त्यामुळे जुना नकाशा वाचताना दोन्ही नंबरांचा मेळ घालणारा उतारा हाताशी हवा, नाहीतर शेजाऱ्याचे टेकाड आपले समजले जाते.

टोपोशीट कुठे उपयोगी, कुठे नाही

टोपोशीट म्हणजे भूरूप दाखवणारा सरकारी नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० शीटवर कंटूरमधले अंतर साधारण २० मीटर असते. आपले टेकाड पाच-सहा मीटरचे. ते त्या रेषांत दिसणार नाही, आणि दिसले नाही म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही. कंटूर सोडून शीटवरच्या बारीक खुणा वाचा. तलावाच्या पाळीजवळ किंवा भरावाजवळ आकड्यापुढे बारीक 'आर' अक्षर छापलेले असते. तो आकडा म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची. ओसाड गाव आणि किल्ला यांनाही वेगवेगळ्या खुणा आहेत, त्या शीटखालच्या सूचीत पाहून घ्या.

जुन्या एक इंची (एक इंचास एक मैल) शीटचा खरा फायदा काळ ठरवताना होतो. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर गावोगाव पाझर तलाव, नालाबांध झाले. त्यांची पाळ आज गवताने झाकली आहे आणि फार जुनी वाटते. स्वातंत्र्यापूर्वीच्या शीटवर ती असेल तर जुनी. नसेल तर बहुधा दुष्काळी कामातली, पण लहान पाळ शीटवर सुटलेलीही असू शकते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. यंत्रांनी शेते सपाट होण्याआधीचे शिवार त्यांत दिसते, म्हणून नदीकाठच्या कामांत आम्ही ती आवर्जून पाहतो. आजचे उपग्रह चित्र घ्यायचे तर एप्रिल-मे मधले घ्या. पीक नसते, आणि काळ्या रानात पांढरीचा फिकट डाग स्वच्छ उठून दिसतो.

आकारावरून काय कळते

गढी चौकोनी असते आणि कोपऱ्यांवर बुरुजांचे फुगवटे असतात. पांढर नदीच्या किंवा ओढ्याच्या काठी, कडा विरलेल्या, पावसाने घळी पाडलेल्या. तलावाची पाळ ओढ्याला आडवी, किंचित धनुष्यासारखी वाकलेली, आणि तिच्या वरच्या अंगाची जमीन गाळाची, जास्त काळी.

फसवणारेही पुष्कळ आहे. कालव्याच्या खोदाईचा ढीग, जुन्या वीटभट्टीची राख, विहिरीतून काढलेला मुरूम. धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टच्या नैसर्गिक भिंती मैलोन् मैल सरळ जातात आणि नकाशावर तटासारख्या दिसतात. म्हणून शेवटी पायी फिरावेच लागते. राखाडी, भुसभुशीत माती, खापऱ्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे दिसले तर ती पांढरच.

याचे मोल किती असू शकते ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावने दाखवले आहे. घोडकाठच्या तिथल्या टेकाडांचे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, पाण्याचा पाट आणि बांध उजेडात आले. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाच्या मुळाशी खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा काशाच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांचे एकत्र वजन ६० किलोहून अधिक भरले. वैनगंगेकाठी पवनीला मातीचा तट आणि खंदक आजही ओळखू येतात.

टेकाड जुने निघाले तर

जमीन जाईल ही भीती अनेकांना वाटते. नुसत्या टेकाडामुळे सातबारा बदलत नाही. जागा संरक्षित करायची तर सरकारला आधी अधिसूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. मात्र मातीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वस्तू धुऊ नका, जागेवरची माती हलवू नका.

आमचा सल्ला असा, की टेकाड वगळून आखणी करा. ठिबकच्या नळ्या बाजूने वळवता येतात आणि शेततळे दुसऱ्या कोपऱ्यात बसते. पांढरीची माती खत म्हणून किंवा घराच्या धाब्याच्या छतासाठी विकून जो पैसा येतो तो एका हंगामाचा असतो.

कामाला येताना सातबारा, आठ-अ, गट नकाशा आणि एकत्रीकरणाचा उतारा बरोबर आणा. जुना गाव नकाशा नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा. आमचा नकाशा नियोजनासाठी आहे. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीच लागते. घरातल्या वयस्कर माणसाला शेतात थांबायला सांगितले तर आमचे अर्धे काम सोपे होईल.