आठशे मीटर बर्फाखालचं तळं

पश्चिम अंटार्क्टिकात काही ठिकाणी बर्फाचा पृष्ठभाग कित्येक मीटरनी वर येतो आणि पुन्हा खचतो. उपग्रहावरच्या लेझरने ही हालचाल टिपली. बर्फाखाली तळी आहेत, ती भरतात आणि रिती होतात, हा तिचा अर्थ हिमनदीतज्ज्ञ हेलन फ्रिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडला. जमिनीच्या पोटातली उष्णता जाड बर्फामुळे बाहेर पडत नाही, शिवाय वरच्या प्रचंड दाबाने पाण्याचा गोठणबिंदूही थोडा खाली येतो. म्हणून तिथे पाणी पाणीच राहतं.

त्यातलंच एक व्हिलन्स. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी पथकाने गरम पाण्याच्या झोताने ८०० मीटर बर्फ वितळवून या तळ्यापर्यंत भोक पाडलं. मला या मोहिमेत सर्वांत मोलाची वाटते ती तिची स्वच्छता. झोताचं पाणी गाळलेलं, अतिनील किरणांखालून नेलेलं. अवजारं हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुक केलेली. आदल्याच वर्षी रशियनांनी अंटार्क्टिकातलंच बर्फाखालचं व्होस्टोक सरोवर गाठलं होतं, पण त्यांच्या भोकात केरोसीन होतं. त्यामुळे तिथले जंतू सरोवरातले की वरून गेलेले, हा वाद मिटेना.

व्हिलन्सच्या दर मिलिलिटर पाण्यात सुमारे १ लाख ३० हजार पेशी निघाल्या. सूर्यप्रकाश नाही, मग त्या जगतात कशावर? सरकणारा बर्फ खालचा खडक जात्यासारखा दळतो, त्या पिठातून लोह आणि गंधकाची खनिजं उघडी पडतात. तळाशी जुन्या समुद्राचा गाळ आहे, त्यातून अमोनिया मिळतो. या रसायनांचं ऑक्सिडीकरण करून जी ऊर्जा सुटते, तिच्यावर काही सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं अन्न बनवतात. काही मिथेन खातात, आणि तेही असं की गाळातून वर येणारा जवळजवळ सगळा मिथेन तिथेच संपतो. मिथेन हा तापमान वाढवणारा जबर वायू, त्यामुळे हे काम लहान नाही.

तळ्याचं पाणी बर्फाखालून वाहत शेवटी रॉस समुद्राला मिळतं. जिथे बर्फ जमीन सोडून तरंगू लागतो, तिथे जानेवारी २०१५ मध्ये ७४० मीटर खाली कॅमेरा सोडला. उघडा समुद्र तिथून सुमारे ८५० किलोमीटर दूर. फार तर सूक्ष्मजीव दिसतील, अशी अपेक्षा होती. दिसले ते अर्धपारदर्शक मासे आणि झिंग्यांसारखे छोटे प्राणी. तळ्यांतून वाहून येणारी पोषकद्रव्यं बर्फाखालच्या या समुद्राला हातभार लावत असावीत, असं पुढच्या मोजमापांवरून संशोधकांना वाटतं.