रेझिस्टरपासून फुफ्फुसापर्यंत : एकाच संशोधकाची दोन क्षेत्रांतली पेटंटे कशी वाचावीत

परवाना घेण्याआधी किंवा भागीदारीत पैसे घालण्याआधी पेटंटांची छाननी करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या फाइलबद्दल. संशोधक एकच असतो. त्याची जुनी पेटंटे रेझिस्टर, कपॅसिटर, सेन्सर, बॅटरीचे सर्किट अशा इलेक्ट्रॉनिक घटकांवरची असतात. नवी पेटंटे असतात श्वासावाटे घ्यायच्या सप्लिमेंटवर : जीवनसत्त्व ब-१२, कॅफिन, मेलाटोनिन वगैरे. अशी फाइल हातात आली की दोन प्रश्न हमखास येतात. इतक्या लांबच्या दोन क्षेत्रांत एकाच माणसाचे काम अस्सल असू शकते का? आणि असेल, तर पहिल्या क्षेत्रातल्या त्याच्या नावावर विसंबून दुसऱ्यातले उत्पादन घ्यावे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो, दुसऱ्याचे नाही.

दोन क्षेत्रे कुठे जोडली जातात

द्रवाचे बारीक तुषार करून ते छातीत पोहोचवायचे हे काम आज बऱ्याच उपकरणांत इलेक्ट्रॉनिक्सचे असते. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये तंबाखूविरहित, धूरविरहित सिगारेटचे पेटंट मिळाले. त्यात ओलसर, सुगंधित हवा गरम करून ओढायची कल्पना होती, पण ते उपकरण त्या काळी बाजारात रुजले नाही. २००३ मध्ये चीनमधले औषधतज्ज्ञ हॉन लिक यांनी पेटंटासाठी मांडलेल्या रचनेत पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे वीज दिली की कंप पावणाऱ्या घटकाने द्रवाचे तुषार केले जात. पुढे बाजारात जम बसला तो तापणाऱ्या कॉइलचा. पिझो चकती असो की कॉइल, दोन्ही इलेक्ट्रॉनिक घटकच. त्यामुळे घटकांत मुरलेला माणूस या बाजूला वळला यात नवल काही नाही.

कॉइलचेच घ्या. कॉइल म्हणजे मुद्दाम तापवलेला रेझिस्टर. तिचे तापमान मोजायला वेगळा सेन्सर लावायची गरज नसते, कारण काही धातूंचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो. शुद्ध निकेलमध्ये ही वाढ दर अंश सेल्सिअसला साधारण ०.६ टक्के असते. २० अंशांना ०.१५ ओहम रोध असलेली निकेलची कॉइल २०० अंशांना ०.३१ ओहमच्या आसपास जाते. सर्किट रोध मोजत राहते आणि हिशेबाने तापमान आवरते. कंथालसारख्या मिश्रधातूत रोध जवळजवळ बदलतच नाही, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही.

आता यात गफलत कुठे होते ते पाहा. समजा स्क्रूच्या जोडात ०.०२ ओहमचा फालतू रोध आहे. सर्किटला तो कॉइलचाच वाटतो. थंड कॉइलचा आकडा ते ०.१७ धरते, त्यावरून २०० अंशांचे लक्ष्य काढते आणि कॉइल प्रत्यक्षात २२४ अंशांच्या घरात जाते. जोड किंचित सैल असला तरी चोवीस अंशांची चूक. द्रव पातळ करायला वापरतात ते प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते. द्रव शोषून कॉइलपाशी आणणारी वात भिजलेली असेपर्यंत तो द्रव कॉइलला थंड ठेवतो, पण वात कोरडी पडली की कॉइलला आवरणारे सर्किटच उरते, आणि जास्त तापलेल्या ग्लायकॉल-ग्लिसरिनमधून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिनसारखी त्रासदायक रसायने तयार होतात. म्हणून चार तारांनी रोध मोजण्याची पद्धत, जोडाचा रोध वजा करण्याची तजवीज, कोरडी वात ओळखणारे सर्किट यांवरची पेटंटे आम्हाला मोलाची वाटतात. घटकांचा जाणकार इथे खरोखर काहीतरी देतो. अशा फाइलमध्ये आम्ही पहिल्यांदा हीच पाने उघडतो.

कॉइलच्या पलीकडे

तुषार तोंडात शिरल्यावर विषय बदलतो. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण फुफ्फुसात खोलवर जातात. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक तोंडात आणि घशातच बसतात, आणि मग गिळले जातात. अगदी बारीक कणांपैकी बरेच श्वासाबरोबर परत बाहेर पडतात. म्हणजे पेटंटात पदार्थाचे नाव असले आणि कणाचा आकार नसला, तर तो पदार्थ छातीत जातो की पोटात, हेच त्या कागदावरून ठरत नाही.

छातीत पोहोचलेल्या पदार्थाला जठरातले आम्ल भेटत नाही, आतड्याची निवड भेटत नाही, आणि रक्तात मिसळण्याआधी यकृताची चाळणीही लागत नाही. विक्रेते याचाच फायदा म्हणून गाजावाजा करतात. लवकर परिणाम होतो हे खरे, म्हणून तर दम्याची औषधे इनहेलरने देतात. पण तीच वाट नको त्या पदार्थालाही मोकळी असते. पोटाला चालणारा पदार्थ फुफ्फुसाला चालेलच असे नाही, आणि आमच्या ग्राहकांनी दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी हे वाक्य ठेवावे.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण २०१९ मधले. जीवनसत्त्व ई चा अ‍ॅसिटेट हा प्रकार गोळ्यांत आणि त्वचेच्या क्रीममध्ये सर्रास असतो. अमेरिकेत टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेल्या, मुख्यतः अनधिकृत मार्गाने विकल्या जाणाऱ्या वेपिंग कार्ट्रिजमध्ये तो मिसळला गेला. फुफ्फुसाला गंभीर इजा झालेले रुग्ण देशभरातून येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या रोगनियंत्रण केंद्राकडे २,८०७ रुग्णांची नोंद झाली होती आणि ६८ मृत्यू निश्चित झाले होते. रुग्णांच्या फुफ्फुसांतून घेतलेल्या द्रवाच्या नमुन्यांत हा अ‍ॅसिटेट सापडला आणि या साथीशी त्याचा घट्ट संबंध असल्याचे केंद्राने सांगितले. नेहमीच्या वापरातले जीवनसत्त्व, फक्त वाट बदललेली.

‘सप्लिमेंट’ ही पाटी इथे लागते का?

अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यानुसार आहारातले सप्लिमेंट म्हणजे गिळून पोटात जाणारे उत्पादन. श्वासावाटे घ्यायचे उत्पादन त्या व्याख्येत बसत नाही. एका श्वासातून घ्यायच्या कॅफिनच्या उत्पादकाला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये याच मुद्द्यावर इशारापत्र पाठवले होते : तुमचे उत्पादन एकाच वेळी गिळायचे आणि ओढायचे असे दोन्ही म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच प्रशासनाने जीवनसत्त्वे आणि सुगंधी तेले असलेल्या, आरोग्याच्या नावाने खपणाऱ्या वेपिंग उत्पादनांबद्दल ग्राहकांना सावध केले. इतर देशांत नियम वेगळे आहेत, म्हणून ज्या देशात विकायचे तिथले वर्गीकरण आधी तपासावे लागते. ते औषधात गेले तर चाचण्या, परवानग्या, उत्पादनाची जागा सगळेच बदलते, आणि परवाना शुल्काचा तुमचा हिशेबही.

पेटंट कार्यालय यातले काहीच पाहत नाही. कल्पना नवी आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी तर नाही ना, उद्योगात वापरता येईल का, वर्णन पुरेसे आहे का, एवढ्यावर ते निर्णय देते. कार्यालयात कोणी ती वाफ ओढून पाहत नाही, कोणाचे रक्तही तपासत नाही. पेटंट हा दुसऱ्याला रोखण्याचा हक्क आहे. शेताला कुंपण घातले म्हणून पीक जोमाने येत नाही, तसेच हे. कुंपणाला किंमत जरूर आहे. पण ‘पेटंट मिळालेले, म्हणून सुरक्षित’ असे एखाद्या वेष्टनावर वाचलेत तर तिथेच थांबा आणि चाचणीचे कागद मागा.

फाइल वाचताना आम्ही काय करतो

आधी मोजणी सरळ करतो. ‘चाळीस पेटंटे’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्यात एकाच शोधाची वेगवेगळ्या देशांतली पेटंटे असतात, मूळ अर्जातून फुटलेले अर्ज असतात, आणि नुसते प्रसिद्ध झालेले, मंजूर न झालेले अर्जही असतात. साधारणपणे अर्ज पहिल्या तारखेपासून १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्याला क्रमांक मिळतो, पण हक्क मिळालेला नसतो. पीसीटी (पेटंट सहकार्य करार) या आंतरराष्ट्रीय कराराखालचा अर्ज हा तर अर्जच राहतो. त्यातून जगभरचे एक पेटंट निघत नाही, बहुतेक देशांत ३० महिन्यांच्या आत स्वतंत्रपणे पुढे जावे लागते. हे सगळे एकत्र लावले की चाळीसचा आकडा बराच खाली येतो. कमी आकडा वाईट नव्हे. खरा आकडा कळणे महत्त्वाचे.

मग प्रत्येक पेटंटाला त्याच्या विषयानुसार दिलेले आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे संकेत पाहतो, कारण शीर्षके फसवी असतात. रेझिस्टर एच०१सी मध्ये, कपॅसिटर एच०१जी मध्ये, विजेने तापवण्याचे तंत्र एच०५बी मध्ये, इनहेलर ए६१एम १५ मध्ये, औषधी मिश्रणे ए६१के मध्ये, आहारपूरके ए२३एल ३३ मध्ये आणि विजेवरची धूम्रपान-साधने ए२४एफ ४० मध्ये येतात. ‘निरोगी श्वासासाठी पोषण’ असे शीर्षक असलेला कागद पूर्णपणे एच०५बी मध्ये निघाला, तर तुम्ही हीटर विकत घेत आहात, पोषण नव्हे.

खरी मेहनत क्लेममध्ये, म्हणजे पेटंटाच्या शेवटी क्रमांकाने मांडलेल्या हक्काच्या दाव्यांत लागते. हक्काची हद्द क्लेम ठरवतात. वर्णनातली सुंदर वाक्ये नाही. नमुन्यादाखल असा एक क्लेम समजा : ‘श्वासावाटे घेण्याचे मिश्रण, ज्यात वजनाने ०.१ ते २ टक्के जीवनसत्त्व ब-१२, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पुदिन्याचा अर्क आहे.’ साधारणपणे तिन्ही गोष्टी असतील तरच हा क्लेम लागू होतो. प्रतिस्पर्ध्याने पुदिना काढून वेलदोडा घातला, तर शब्दशः तो बाहेर. अशा क्लेमवर मोठी रक्कम मोजायची का, हे तुम्हीच ठरवा. उलट ‘कॉइलचा थंड रोध मोजणे, जोडाचा रोध वजा करणे आणि ठरलेल्या गुणोत्तरावर वीज तोडणे’ असा क्लेम चुकवणे अवघड जाते, कारण आत कुठलाही द्रव असला तरी तो लागू पडतो. आमच्या मते अशा संशोधकाची खरी ताकद बहुतेकदा या दुसऱ्या प्रकारात असते, जाहिरात मात्र पहिल्याची होते.

मालकी आणि मुदतही पाहतो. संशोधक म्हणून नाव असणे आणि मालक असणे वेगळे; घटकांवरची जुनी पेटंटे बहुधा त्या वेळच्या कंपनीच्या नावावर असतात, तेव्हा ती तुम्हाला द्यायचा अधिकार त्याच्याकडे असेलच असे नाही. मुदत सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, तीही नूतनीकरण शुल्क भरत राहिल्यास. शुल्क थकले की हक्क आधीच संपतो. आणि स्वतःचे पेटंट असले तरी दुसऱ्याच्या पेटंटाचा भंग होऊ शकतो. तो शोध वेगळा घ्यावा लागतो, मूळ छाननीत तो धरलेला नसतो.

काम देताना

आमच्याकडे येताना पेटंट किंवा अर्ज क्रमांकांची यादी, विक्रीसाठी ठरवलेले देश आणि समोरच्याने दिलेला कराराचा मसुदा आणावा. उत्पादनाबरोबर दिलेले माहितीपत्र असेल तर तेही, म्हणजे त्यातले दावे क्लेमशी पडताळून पाहता येतात. विषारीपणाच्या किंवा कणांच्या मापाच्या चाचण्या आम्ही करत नाही आणि त्यांवर मतही देत नाही. त्यासाठी श्वसनमार्गाच्या उत्पादनांचा अनुभव असलेली प्रयोगशाळा गाठावी. तिला काय विचारायचे, त्याची टिपणी मात्र आमच्या अहवालासोबत मिळते : कणांचे माप, प्रत्येक झुरक्यातली मात्रा, कोरड्या वातीवर निघणारी रसायने, आणि कॉइलमधून वाफेत उतरणारे धातू. हे चार आकडे समोरच्या पक्षाकडे तयार नसतील, तर ते येईपर्यंत करारावर सही करू नये, असे आम्ही अहवालात लिहूनच देतो.