पिक्सेल गुणोत्तर-दोष

पिक्सेलच्या रुंदी-उंचीचे एक प्रमाण धरून चित्र साठवले आणि दुसरे धरून ते दाखवले, की पडद्यावर वर्तुळ लंबगोल दिसते. होम थिएटरमध्ये हा दोष मुख्यतः डीव्हीडी आणि जुन्या चित्रणांत आढळतो. १९२०×१०८० (फुल एचडी) चे पिक्सेल चौरस असल्याने तेथे तो क्वचितच येतो. मात्र एचडीव्हीच्या (टेपवरील एचडी चित्रणाची एक पद्धत) १४४०×१०८० चित्रणाचे पिक्सेल गुणोत्तर ४:३ असते.

चौरस नसलेल्या पिक्सेलचे मूळ टीव्हीचा संकेत अंकीय करण्याविषयीच्या १९८२ च्या सीसीआयआर ६०१ या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आहे. टीव्हीच्या ५२५ आणि ६२५ रेषांच्या दोन्ही पद्धतींना १३.५ मेगाहर्ट्‌झ हीच नमुना-वारंवारता (दर सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची संख्या) दिली, तर प्रत्येक रेषेत अनुक्रमे ८५८ आणि ८६४ असे पूर्णांकी नमुने बसतात. त्यांपैकी दृश्य भागासाठी दोन्हीकडे ७२० ठरले. चौरस पिक्सेलसाठी ६२५ रेषांच्या पद्धतीला १४.७५ मेगाहर्ट्‌झ लागले असते. या दोन वारंवारतांवरून ५९:५४ हे गुणोत्तर निघते.

व्यवहारात मात्र एकमत नाही. संपूर्ण ७२० नमुने ४:३ चौकटीत बसवले, तर ७२०×५७६ साठी १६:१५ येते. त्यांपैकी मधले ७०४ च त्या चौकटीत धरले, तर १२:११. दोहोंत सुमारे २.३ टक्के फरक पडतो. अनुरूप (अ‍ॅनालॉग) संकेतातील दृश्य रेषा ५२ मायक्रोसेकंदांची, म्हणजे ७०२ नमुन्यांची असल्याने प्रसारणाच्या टेपवरून आलेल्या चित्राला १२:११ अधिक जुळते. डाव्या-उजव्या कडांना आठेक पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या दिसल्या, तर या मताला बळ मिळते. संगणकावर थेट ७२० रुंदीत तयार केलेल्या चित्राला १६:१५ लागू पडते.

दोष शोधताना चाचणीचित्रातील वर्तुळ पट्टीने मोजावे. रुंदी भागिले उंची १.३३ आली, तर ४:३ चित्र रुंद पडद्यावर ताणले गेले आहे, ०.७५ असेल, तर याच्या उलट. ७२०×५७६ चे ४:३ चित्र चौरस पिक्सेल धरून दाखवल्यास ०.९४ च्या आसपास, तर १६:९ चे सुमारे ०.७० मिळते. ७२०×४८० च्या ४:३ चित्रात हेच मूल्य १.१ च्या पुढेमागे असते. कडा कापल्या जाणे, म्हणजे ओव्हरस्कॅन, हा निराळा प्रकार आहे. दोन्ही दिशांना सारखाच वाढवल्यास वर्तुळ बिघडत नाही, तरी तक्रारींत दोहोंची सरमिसळ होते.

चित्र संकुचित करून साठवण्याच्या पद्धतींपैकी एमपीईजी-२ (डीव्हीडीवरील) मध्ये संपूर्ण चित्राचे गुणोत्तर नोंदलेले असते, एच.२६४ मध्ये पिक्सेलचे. रूपांतर करताना ही नोंद गळते किंवा प्लेअर आणि टीव्ही दोघेही तीच दुरुस्ती करतात. यासाठी मधला रिसीव्हर वगळून प्लेअर थेट टीव्हीला जोडून पाहावा. प्लेअरमधील टीव्हीचा आकार ४:३ वर राहिलेला असणे हे नेहमीचे कारण होय. दुरुस्ती एकाच उपकरणाकडे ठेवून रिसीव्हरचे स्केलिंग (चित्राचा आकार बदलणे) बंद करावे. १०२४×७६८ च्या रुंद प्लाझ्मा पडद्यांचे पिक्सेल मुळातच चौरस नसतात. संगणक जोडल्यास ते वेगळे लक्षात घ्यावे लागते.